पोटाचा आजार आणि आपला धम्म

(विहाराच्या वर्षावास प्रवचनमालेत केलेले भाषण)



वर्षावासात या जागेवरून पंचशील, अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता अशा विषयांवर आपण जाणकारांची प्रवचने ऐकली. मी गिरणीत साचे चालवलेला माणूस. जे काही वाचलं ते पाळी संपल्यावर, या विहाराच्या वाचनालयात. समितीने विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, अंडाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या बाईचं आतडं पुन्हा पुन्हा अडतं, त्याबद्दल मी बोलणार. तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने दबकत विचारलं, "काका, तथागतांच्या मूर्तीसमोर शौच, उलटी, गॅस हे शब्द बरे दिसतील का?" त्याने प्रामाणिकपणे विचारलं, म्हणून उत्तर तथागतांच्याच चरित्रातून देतो.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही तो घेतला आहे. एका भिक्खूला पोटाचा आजार झाला होता. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन विहारातील निवासस्थाने पाहत फिरत होते, ते त्याच्यापाशी आले. तुझी शुश्रूषा करायला कोणी नाही का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, नाही. का नाही? तर म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे बघत नाहीत. तेव्हा बुद्धांनी आनंदाकडून पाणी मागवलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं. मग एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून धरून त्याला मंचकावर निजवलं. त्यानंतर भिक्खूंना जमवून त्यांनी बजावलं, की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी.

या प्रसंगातल्या दोन गोष्टी बघा. आजार पोटाचा होता, आणि घाण धुणारे दोघेही पुरुष होते. तेव्हा हा विषय विहारात बरा दिसतो का, याचं उत्तर २५०० वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

माझी पत्नी आज या सभागृहात खुर्चीवर बसली आहे. तिच्या परवानगीनेच बोलतो. उलट तीच मला म्हणाली, "माझं सगळं सांगा. बायका पोटातलं पोटातच ठेवतात."

तिचं ऑपरेशन २०१९ साली झालं. अंडाशय, गर्भाशय आणि आतड्यांसमोर लोंबणारा चरबीचा पडदा काढला, मग केमोथेरपी झाली. आम्हाला वाटलं, सुटलो. दहा महिन्यांनी एका रात्री पोट फुगलं, कळा आल्या, हिरवी उलटी झाली. जवळच्या एका दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात कळलं, की आतडं अडलंय. तेव्हापासून आजपर्यंत पाच वेळा अडलं.

असं का होतं, ते मी डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं. आपलं लहान आतडं सुमारे २० फूट लांब असतं आणि ते पोटात मोकळं, निसरडं असतं. पोट उघडून मोठं ऑपरेशन झालं की आतल्या जखमा भरताना आतड्याचे वेढे एकमेकांना, कधी पोटाच्या भिंतीला चिकटतात. त्या चिकटण्याला डॉक्टर अ‍ॅड्हेजन म्हणतात. एखादा वेढा त्यात दुमडला किंवा आवळला गेला, की पुढची वाट बंद. हे ऑपरेशन नीट होऊनही होऊ शकतं. त्याचा दोष सर्जनला लावू नये, पेशंटला तर मुळीच नाही. दुसरं कारण अधिक जड आहे. अंडाशयाचा कर्करोग उलटला, तर तो बऱ्याचदा आतड्याच्या बाहेरच्या अंगावर बसतो आणि एका वेळी अनेक जागी आतडं आवळतो. ज्यांना पोटावर रेडिएशन दिलेलं असतं त्यांचं आतडं त्यानेही अरुंद होतं. दुखणं बाहेरून सारखंच दिसतं, कारण मात्र वेगळं. ते सीटी स्कॅनमध्ये शोधावं लागतं.

अडलेल्या आतड्याचं वर्णन आपल्या ग्रंथांतही आहे. त्याच महावग्गात जीवकाची कथा येते. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाला कोलांट्या मारण्याच्या खेळात आतड्याला गाठ पडली. पेजसुद्धा पचेना, शौचाला साफ होईना, अंगावर नुसती हाडं राहिली. राजा बिंबिसाराच्या आज्ञेने जीवक राजगृहाहून तिथे गेला. त्याने गर्दी बाहेर काढली, पडदा लावला, मुलाच्या बायकोला समोर उभं केलं, पोट उघडून आतड्याची गाठ बाहेर काढली आणि आधी तिला दाखवली. हा तुझ्या नवऱ्याचा रोग, म्हणून त्याला अन्न पचत नव्हतं, असं समजावलं. मग गाठ सोडवून आतडी आत ठेवली, पोट शिवलं, लेप लावला. आमच्यासारख्यांना त्या शस्त्रक्रियेपेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. जीवकाने गर्दी हटवली, पण घरच्या माणसाला रोग दाखवला. ज्याला सेवा करायची आहे त्याला रोग समजलाच पाहिजे.

म्हणून आता लक्षणं सांगतो, नीट ऐका. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाला पिळवटून कळा येतात, जातात, पुन्हा येतात. पोट फुगतं. उलटी होते, आधी खाल्लेल्याची, मग हिरवी-पिवळी, नंतर घाण वासाची. शौचाला होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, गॅस सरत नाही. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि आपल्या बायका लाजून मान खाली घालतात. बहिणींनो, त्या प्रश्नावर निदान अवलंबून आहे, लाजू नका. कधी आतडं अर्धवट अडलेलं असतं, तेव्हा थोडं पातळ पाणी शौचावाटे जातं. तेवढ्यावरून मोकळं झालं असं समजू नका. आणि कळ येऊन जाण्याऐवजी पोट सतत दुखायला लागलं, ताप आला, नाडी जोरात चालली, पोट लाकडासारखं कडक झालं, तर आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडत असेल. मग प्रश्न दिवसांचा उरत नाही, तासांचा होतो. सकाळ व्हायची वाट पाहू नये.

आता काय करू नये ते. आपल्या चाळींत पोट अडलं की चार घरांतून चार उपाय येतात. कोणी एरंडेल सांगतो, कोणी जुलाबाच्या गोळ्या. कोणी म्हणतो वाटी सरकली आणि पोट चोळायला बसतो. कोणी इसबगोल भिजवून आणतो. ही सगळी माणसं मायेची, पण हे उपाय इथे घातक ठरू शकतात. साचेखात्यातली माणसं इथे आहेत, त्यांना लगेच कळेल. सुताचा गुंता झाला की आपण काय करतो? साचा थांबवतो. ओढलं तर गाठ आणखी घट्ट होते, सूत तुटतं. जालीम जुलाब म्हणजे बंद वाटेवर मागून जोर लावणं. इसबगोल पाण्यात फुगतं, ते अरुंद जागी अडकून बसतं. एरवी बद्धकोष्ठाला चालणारी औषधं अडलेल्या आतड्याला चालतीलच असं नाही. खुद्द जीवकाने तथागतांना रेचन द्यायचं ठरवलं तेव्हा जालीम औषध योग्य नाही असं म्हटलं. आधी काही दिवस अंगाला तेल-तुपाचं स्नेहन केलं, मग सौम्य रेचन दिलं. एवढा मोठा वैद्य विचार करून रेचक देतो, आणि आपण शेजारणीच्या डब्यातून देतो.

हॉस्पिटलात काय करतात ते माहीत असलं की भीती कमी होते. तोंडाने सगळं बंद. सलाईन चालू. नाकातून पोटात नळी घालतात आणि साठलेलं पाणी बाहेर काढतात. नळी घालताना त्रास होतो, घशाला टोचते, पण उलटी थांबते आणि फुगलेलं आतडं सैल पडतं. आपल्या पचनमार्गात रोज सुमारे ७ लिटर पाचकरस पाझरतो. एरवी तो परत शोषला जातो. वाट अडली की तो साठतो किंवा उलटीतून जातो, शरीरातलं पाणी आणि क्षार घटतात. म्हणून सोडियम-पोटॅशियम तपासतात, लघवी मोजतात. एक्स-रे, सीटी काढतात. कधी नळीतून एक्स-रेवर दिसणारं औषध सोडतात. ते २४ तासांत मोठ्या आतड्यात पोचलं तर वाट बहुधा आपोआप मोकळी होणार, अशी खूण असते. चिकटण्यामुळे आलेले बरेच अडथळे असे काही दिवसांत ऑपरेशनशिवाय सुटतात. नातेवाईक तिथे भांडतात, "चार दिवस झाले, नुसतं सलाईन लावून ठेवलंय, कापत का नाहीत?" कारण असं, की पुन्हा पोट उघडलं तर पुन्हा नव्याने चिकटणार. गरज असेल तेव्हा सर्जन थांबत नाहीत, पण सर्जनचं थांबणं हाही उपचार असतो.

आता पुन्हा महावग्गाकडे येतो. त्या भिक्खूच्या प्रसंगानंतर बुद्धांनी सांगितलं, की सेवा करायला सोपा आजारी कोण. त्याचे पाच गुण. जे मानवतं ते करतो. त्यातही प्रमाण ओळखतो. औषध घेतो. सेवा करणाऱ्याला आजार जसा आहे तसा सांगतो, वाढला तर वाढला, कमी तर कमी. आणि दुखणं सोसतो. या पाचांत सोसणं पाचवं आहे, सांगणं चौथं. आपण बायकांना लहानपणापासून फक्त पाचवं शिकवलं. चौथं कोणी शिकवलं नाही. घरात माणसं जेवायची आहेत, मुलाची परीक्षा आहे, नवऱ्याची पाळी आहे, म्हणून ती रात्रभर पोट धरून बसते. सोसण्याचं कौतुक करायचं असेल तर आधी सांगायला शिकवा.

आम्ही घरी एक वही ठेवली आहे. रोज चार ओळी. काय खाल्लं, शौच झालं का, गॅस सरतो का, कळ किती वेळ. डॉक्टरांना ही वही माझ्या भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडते. त्या वहीतून एक गोष्ट कळली. पाचपैकी दोन वेळा आदल्या दिवशी शेंगदाणे, मक्याचं कणीस असं काही पोटात गेलं होतं. उरलेल्या तीन वेळा खाण्यात काहीच वावगं नव्हतं. म्हणून भेटायला येणाऱ्यांना हात जोडून सांगतो, आल्या आल्या "काय खाल्लंस?" असं विचारू नका. आजारी बाईला तो आरोप वाटतो.

अडथळा सुटल्यावर खाणं पायरीपायरीने सुरू करतात. आधी पाणी, पेजेवरचं पाणी, गाळलेलं वरण. मग मऊ भात, मुगाचं वरण, ताक-दही. मग अंडं, काटे काढलेला मासा, साल काढून शिजवलेला दुधी, कुस्करलेला बटाटा. एका वेळी भरपूर खाण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी थोडं, आणि प्रत्येक घास बारीक चावून. ज्यांचं आतडं अरुंद आहे त्यांना डॉक्टर चोथा कमी खायला सांगतात. शेवग्याच्या शेंगा, मटकी-चण्याची उसळ, कणीस, शेंगदाणे, ओलं-सुकं खोबरं, पेरू, संत्र्याचा चोथा, दोऱ्याची पालेभाजी हे टाळायचं. एरवी हेच पदार्थ तब्येतीला चांगले, म्हणून लोक बुचकळ्यात पडतात. प्रत्येकीचं आतडं वेगळं, तेव्हा आपापल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पण आपल्या विहाराच्या भोजनदानात एका पातेल्यात मऊ भात आणि साधं वरण वेगळं ठेवता येईल की नाही? त्याला खर्च तो काय!

इथे मला एक नाजूक गोष्ट बोलायची आहे. आपल्या समाजाने उपासमार पाहिली. म्हणून आपल्याकडे माया म्हणजे खाऊ घालणं. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण डबा घेऊन जातो. "दोन घास खा गं बाय, अंगात ताकद कशी येणार?" असं म्हणतो. पण आतडं अडलेलं असताना तो घास खाली उतरत नाही, कळ होऊन परत येतो. ती नको म्हणते ते अन्नाचा मान ठेवत नाही म्हणून नव्हे. अशा वेळी डबा परत नेणं हीच माया. त्याऐवजी ओठ ओले करा, पाठीवरून हात फिरवा, गप्प बसून राहा.

सेवा करणाऱ्याचेही पाच गुण बुद्धांनी सांगितले. औषध तयार करता येणं. काय मानवतं, काय नाही हे ओळखून नको ते दूर ठेवणं. लोभापोटी न करता मैत्रीभावनेने करणं. मलमूत्र, थुंकी, उलटी उचलताना किळस न वाटणं. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने त्याचं मन प्रसन्न करणं. इथे पुरुष मंडळींना विचारतो. घरातली बाई आजारी पडली, की सूनबाईला बोलवा, बहिणीला गावाहून आणा, असं का होतं? उलटीची पाटी उचलायला बाईच का लागते? पाटी उचलल्याने पुरुषपण जात असेल, तर ते आधी आनंदाचं गेलं असतं. ज्या बाईने तीस वर्षं घर ओढलं ती अंथरुणाला खिळली, की घराला वाटतं हिचा आता काय उपयोग. महावग्गातल्या त्या भिक्खूचं नेमकं हेच दुखणं होतं.

आता अवघड भाग. मागच्या वर्षी पाचव्या वेळी सीटी केला, तेव्हा कर्करोग परत आल्याचं दिसलं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. आतडं अनेक जागी आवळलेलं आहे, ऑपरेशनने फायदा होणार नाही, पण करण्यासारखं पुष्कळ आहे. हे शेवटचं वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. सूज कमी करणारी, आतड्यातला पाझर कमी करणारी, कळ आणि उलटी थांबवणारी इंजेक्शनं आहेत. काहींना पोटावरून जठरात बारीक नळी बसवतात, त्यातून साठलेलं बाहेर येतं आणि नाकातली नळी काढता येते. मोठं आतडं एकाच जागी अडलं असेल तर कधी आत जाळीची नळी बसवतात, कधी पोटावर शौचाची पिशवी देतात. दुखण्यासाठी मॉर्फिन आहे. त्याला व्यसन समजून घाबरू नका, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जातं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन रुग्णांना ते मिळण्याची वाट सोपी करण्यात आली. या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. परळच्या टाटा हॉस्पिटलात त्याचा वेगळा विभाग आहे. वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, भारतातलं असं पहिलं. तिकडे जाणं म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले असं नव्हे. दुखण्यावर उपचार करण्याची ती स्वतंत्र विद्या आहे, आणि ती लवकर गाठली तर जास्त उपयोगी पडते.

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये माझी पत्नी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला नाकात नळी असताना मरायचं नाही. हे तुम्ही वहीत लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं, तारीख घातली, तिने सही केली, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवलं. नंतर तिला पुन्हा केमोथेरपी दिली, ती तिला मानवली. आज ती इथे आहे. उद्याचं मी सांगत नाही. पण तिला काय हवं ते आम्हाला माहीत आहे, याचा दोघांनाही आधार वाटतो.

काही लोक सांत्वनाला येतात आणि म्हणतात, मागच्या जन्मीचं कर्म. बौद्ध घरात हे ऐकलं की मला राग येतो. संयुत्तनिकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना हाच प्रश्न केला होता. बुद्धांनी त्याला पित्त, कफ, वात, ऋतुबदल, बाहेरून होणारा आघात अशी वेदनेची वेगवेगळी कारणं मोजून दाखवली. जे सगळंच पूर्वकर्मावर ढकलतात ते प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे जाऊन बोलतात, असं सांगितलं. बाबासाहेबांनी तर पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत साफ नाकारला. आजारी बाईच्या उशाशी बसून तिला गुन्हेगार ठरवणं हा धम्म नव्हे.

शेवटी विहारासाठी चार मागण्या करतो. एक, रात्री-अपरात्री हॉस्पिटलात सोबत येणाऱ्या आणि गाडी असणाऱ्या तरुणांची यादी फळ्यावर लावा, त्यात पुरुषांची नावं निम्म्याहून कमी नकोत. दोन, जुनी फाईल, ऑपरेशनचा कागद, सीटीचे रिपोर्ट एका पिशवीत दाराला टांगून ठेवायची सवय घराघरांत लावा. तीन, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड, आधार कार्ड तयार आहे का, हे आजार येण्याआधी बघा. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, त्याला गाठा. चार, महिला मंडळाने एक सभा फक्त या विषयावर घ्यावी. पोट सतत फुगणं, थोडं खाल्लं की भरल्यासारखं वाटणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं, हे काही आठवडे टिकलं तर गॅसची गोळी घेत न बसता डॉक्टरांना दाखवावं. ज्यांच्या आई, बहीण, मावशी, आत्याला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

या विहाराची वीट न् वीट आपल्या वस्तीने वर्गणी काढून बसवली. त्याच वस्तीत एखादी बाई बंद दाराआड पोट धरून बसली असेल आणि आपण इथे वंदना घेत असू, तर ती वंदना अपुरी आहे. घरी जाताना आज प्रत्येकाने आपल्या चाळीत एका आजारी माणसाचं दार ठोठवा. डबा नेला नाही तरी चालेल. "कसं वाटतंय, खरं सांग," एवढं विचारा, आणि ती सांगेपर्यंत थांबा.